जिवंत बाईचा पिंड
काळ्या तिळांचा वास आला की रामकुंड आठवतं. ऐंशी सालाच्या आसपास वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. गुरुजींनी आमच्या घराण्याची नामावळी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींची वही, उघडली, तर वडिलांच्या अक्षरात पत्नी म्हणून भलत्याच बाईचं नाव. घरच्या लग्नपत्रिकेत मात्र आईचं. काका कानाशी पुटपुटले, "पहिली ती. टाकलेली. लासलगावला भावाकडे राहते, कांदे निवडते." "हिचं काय लिहू, यजमान?" त्या नावावर बोट ठेवून गुरुजींनी विचारलं. चार पावलांवर आई उभी, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "वारली, लिहा." "मग तिचाही पिंड ठेवा." ठेवला. तिला मूलबाळ नव्हतं. पुढे ती खरोखर गेली, तेव्हा तिचा भाऊ पिंडासाठी मला बोलवायला दारात आला. आई घरात होती. मी त्याला बाहेरूनच परत पाठवलं.