चष्मेवाल्यांचा ‘च्’

चूक दिसली की चष्मेवाल्यांच्या तोंडून ‘च्’ निघायचाच. काच जराशी तिरकी घासली गेली, ‘च्’. गिऱ्हाइकाने चष्मा एका हाताने ओढून काढला, ‘च्’. नवीन लग्न झालं तेव्हा बायकोने हा ‘च्’ मनाला लावून घेतला होता. पुढे तिला कळलं, की हा माणूस आरशात स्वतःचा भांग बघूनही तोच आवाज काढतो. मग तिने नाद सोडला.

या गृहस्थांना दुकानाबाहेरचं एक भलतंच वेड होतं. पारदर्शक रबराच्या नखाएवढ्या तुकड्यात केसासारखे बारीक पाट काढायचे, खाली काच चिकटवायची आणि त्या पाटांतून रंगीत पाणी खेळवायचं. साच्यासाठी नेलपॉलिश वाळवायचा दिवा, रबरातले बुडबुडे काढायला जुन्या फ्रिजचा पंप, असा सगळा घरचाच कारभार. दिवसेंदिवस खपून एखादा तुकडा जमला की ते भिंग घेऊन घरभर फिरत. बायको बघायची, छान म्हणायची आणि विचारायची, “पण याचं करायचं काय?” त्यावर ते भिंग पुसायला लागायचे.

अशा घरगुती प्रयोगवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे असं समजल्यावर त्यांनी भीतभीतच आपल्या तुकड्याचा फोटो टाकला. उत्तर आलं ताईंचं. दूध तपासायच्या प्रयोगशाळेत अर्धा जन्म घालवून निवृत्त झालेल्या या बाई. मासळीबाजारातून आणलेल्या माशावरचे, अंधारात निळसर उजेड देणारे निरुपद्रवी जंतू त्यांनी घरात बशीत वाढवले होते, आणि तुमच्या पाटांत माझे जंतू राहतील का, असं त्या विचारत होत्या. राहायलाही पलीकडच्याच गल्लीत. चष्मेवाल्यांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. आपल्या तुकड्याचं काय करायचं ते शेवटी कुणीतरी सांगितलं होतं.

मग दर रविवारी दुपारी बैठक सुरू झाली, एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काळोख्या खोलीत. पाच-सहा डोकी जमायची. सूक्ष्मदर्शकापाशी दोन स्टुलं होती, एक ताईंचं, एक चष्मेवाल्यांचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कुणी तिथे बसत नसे. पहिल्यांदा पाटांत निळी रेघ उजळली तेव्हा दोघं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत राहिली. चष्मेवाले त्यावर कितीतरी दिवस खूश होते.

आणि मग कवळीवाला आला. दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचा त्याचा धंदा, त्यामुळे साचे ओतणं हा त्याच्या हातचा मळ. पहिल्या रविवारी त्याने सगळं नम्रपणे विचारून घेतलं. दुसऱ्या रविवारी स्वतःचा तुकडा घेऊन आला. ताईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, “वा!” आता, चष्मेवाल्यांच्या कामाला ताई आजवर ‘बरंय’च्या पुढे गेल्या नव्हत्या. वर हा प्राणी त्यांना काका म्हणायचा. वयात फरक असा नव्हताच, होता तो डोक्यावरच्या केसांत! हळूहळू तो त्यांच्या स्टुलावरही बसायला लागला. चष्मेवाले आले की लगेच उठायचा, पण बूड टेकवलेलं असायचंच.

त्यांचा नुसता जळफळाट झाला. ते कवळीवाल्याचे तुकडे मुद्दाम भिंगाखाली धरून खोट शोधत, आणि ती सापडली नाही की जास्तच पेटत. घरी जेवताना त्याच्याबद्दल इतकं बोलू लागले, की बायको म्हणाली, “अहो, तुम्हाला सवत आली वाटतं.” स्वतःच्याच विनोदावर ती खूप हसली. चष्मेवाले पान अर्धं टाकून उठले.

अशात वाचनालयाने खालचं दालन दिलं, रविवारी लोकांना प्रयोग दाखवायला. ताईंनी प्रयोगशाळेतल्या जुन्या मंडळींना आग्रहाने बोलावलं. निवृत्तीनंतर बाईंचं डोकं फिरलं, असं बोलणारे तेच लोक होते. त्यांना एकदा दाखवायचंच, असं ताईंनी मनात घेतलं होतं. सगळ्यात उजळ जंतू त्यांनी त्यासाठी राखून ठेवले. आणि तुकडा निवडला कवळीवाल्याचा. चष्मेवाले तोंडाने म्हणाले, “असू दे, असू दे.” आणि आपला तुकडा परत खिशात घातला.

त्या सकाळी काळोख्या खोलीत कवळीवाला रबर काचेवर चिकटवायला बसला. दोन्ही धुऊन वाळवलेली. ताई पाठमोऱ्या, आपल्या बश्या डब्यात भरत होत्या. चिकटवायच्या बाजूला कुठूनसं एक तूस लागलं होतं. कवळीवाल्याने ते उघड्या बोटाने झटकलं. कवळीच्या कामात बोट लागल्याने काही बिघडत नाही, सवय तिथली. इथे मात्र बोटाचं तेल लागलं की तेवढ्या जागी रबर काचेला धरत नाही. चष्मेवाल्यांनी ते बघितलं.

‘च्’ निघाला.

पुन्हा धुवा, एवढंच म्हणायचं होतं. कवळीवाल्याने मान वर केली, आणि चष्मेवाले खोकले. घसा साफ करून ते पंपाची नळी गुंडाळायला लागले. फजिती होऊ दे एकदा, असं त्यांना मनापासून वाटलं.

वाचनालयात दिवे मालवले. डोळे अंधाराला सरावल्यावर तुकड्यातून निळी रेघ वळणं घेत निघाली आणि लोकांच्या तोंडून कौतुकाचा आवाज उमटला. मग एका वळणावर ती फुगली, पसरली, कडेने टेबलावर ओघळली. दिवे लावले तेव्हा ताईंच्या समोर ओलं रबर आणि चिकट डाग, एवढंच उरलं होतं. जुन्या मंडळींपैकी एकाने समजुतीच्या सुरात विचारलं, “छान आहे हो, पण याचं करायचं काय?” ताई फडक्याने डाग पुसायला लागल्या. मंडळी चहाला गेली.

चष्मेवाल्यांना वाटलं होतं कवळीवाला तोंडघशी पडेल. त्यांना ताईंचा चेहरा बघवेना.

सामान परत काळोख्या खोलीत आणल्यावर कवळीवाल्याने स्टूल चष्मेवाल्यांपुढे सरकवलं. “काका, मीच कुठेतरी घाण केली. तुमचं लक्ष असतं तर तुम्ही सांगितलंच असतं. यापुढे तुकडा तुमच्याच हातचा.” आणि भांडी घेऊन तो बाहेर नळावर गेला.

हवं होतं ते स्टूल समोर होतं. चष्मेवाले उभेच राहिले.

“ताई, मी बघितलं होतं. त्याचं बोट लागलं होतं रबराला.”

ताई डबा पुसत होत्या. “तुमचा ‘च्’ ऐकला मी,” त्या म्हणाल्या. “आता सांगाल म्हणून मी मागे वळलेसुद्धा नाही. मग तुम्ही खोकलात. मी तो खोकला खरा धरला.”

त्यांनी झाकण लावलं.

“आता मला कशाला सांगता? तो नळावर आहे.”