उपरण्याखालची खुर्ची

समस्त वाचकांनी पगड्या सरळ कराव्यात आणि ज्यांना खोकायचं असेल त्यांनी आत्ताच खोकून घ्यावं. मी सांगणार आहे ती हकीकत कुण्या राजाच्या गादीची नाही, तिच्याहून फार भारी आहे. ती अमरावतीच्या म्युनिसिपल कमिटीतल्या एका खुर्चीची आहे. तिच्या चार पायांतला एक जरा आखूड होता. तरी तिच्यापायी आमच्या शेटजींची झोप उडाली होती.

ते दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस एकदम गोड लागू लागला. तेल्हाऱ्याच्या गाड्या अकोल्याला, चांदूर बाजारच्या अमरावतीला, नुसती रीघ. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. वरणात कापसाचा पुंजका निघाला तर कुणी वाईट वाटून घेत नसे, उलट पाहुण्याला कौतुकाने दाखवत. पुढे लढाई थांबली, पण गावाचा ताठा काही उतरला नाही. त्यातच आगगाडी आली, आणि तिच्या मागोमाग रस्ते झाडायला अन् दिवे लावायला कमिटी आली.

मी तेव्हा कापसाच्या बाजारात दलाल होतो आणि कमिटीचा मेंबरही. शेटजी मोठे अडते. लोकांचा माल त्यांच्या वखारीत उतरायचा आणि त्यांच्या हातून विकला जायचा. हातून म्हणजे खरोखरच हातून. आमच्यात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे आणि खाली बोटं दाबून सौदा करायचे. वर चेहरे असे, की दोघं कीर्तनाला बसलेत. उघड्यावर बोट दाखवणारा माणूस आमच्यात खुळा ठरे. शेटजींचा चेहरा तर बाजारात नावाजलेला. भाव कोसळला तरी त्यांची मिशी हलत नसे.

अशा माणसाला अकोल्याने घायाळ केलं. त्यांच्या लेकीचे सासरे, आमच्या बोलीत इवाई, अकोल्याच्या कमिटीत मुख्य पंच झाले. कमिटीचे अध्यक्ष जिल्ह्याचे गोरे साहेब; ते दौऱ्यावर गेले की सभेत त्यांच्या खुर्चीवर बसायचं, हा मुख्य पंचाचा मान. व्याह्यांनी तो मान घरीही आणला. सुताराकडून हुबेहूब तशीच खुर्ची करवून ओसरीवर मांडली. शेटजी लेकीला भेटायला गेले, मी सोबत होतो. व्याही खुर्चीवर बसले, शेटजींना खालची सतरंजी दाखवली आणि फार प्रेमाने म्हणाले, की ही मुद्दाम तुमच्यासाठी झाडून घेतली आहे. मुलीचा बाप काय बोलणार? शेटजी मांडी घालून बसले, पान खाल्लं आणि परतीची आगगाडी धरली. बडनेऱ्याला उतरल्यावर मला म्हणाले, "मले खुर्ची पायजे."

झालं, राजकारण सुरू झालं. अमरावतीतही मेंबरांमधून मुख्य पंच निवडायचा होता. समोर एक देशमुख उभे होते, घोड्यावरून फिरणारे, आवाजाने खणखणीत. शेटजींनी गाडीवानांना बैलांसाठी हौद कबूल केला. भर बाजारात पगडीसकट हातात खराटा घेतला आणि रस्ता झाडताना एवढी धूळ उडवली की देशमुखांचा घोडा बुजून थेट भाजीवाल्यांत शिरला. निवडून आलो तर साहेबांचे आभार मानायला हवेत, म्हणून माझ्याकडून आधीच एक भाषण रचून घेतलं, शुद्ध पुणेरी थाटाचं, आणि वखारीत कापसाच्या ढिगासमोर उभे राहून ते घोकलं. सगळ्यात धाडस म्हणजे, सभा बघायला त्यांनी अकोल्याच्या व्याह्यांना बोलावलं.

निवडीच्या सभेत साहेब एकटे खुर्चीवर, आम्ही मेंबर सतरंजीवर, व्याही दाराशी उभे. साहेबांच्या मुनशीने सांगितलं, की ज्यांना शेटजी हवे असतील त्यांनी हात वर करावा.

सगळ्यांचे हात झटकन उपरण्यांखाली गेले. माझासुद्धा.

मुनशीने देशमुखांचं विचारलं. तेच. सगळे अडते, जिनवाले, दलाल. इतक्या लोकांदेखत आपला हात कोण उघडा करणार? दाराशी व्याही खोकले. साहेब कंटाळून मुनशीला म्हणाले, की गावाला कुणीच नको असेल तर ही जागा नकोच. शेटजींची मिशी त्या दिवशी पहिल्यांदा हलली. खालचा ओठही हलला. मला ते बघवेना.

मी उठलो आणि मुनशीला सांगितलं, साहेबांना समजवा, ही माणसं मुकी नाहीत, फक्त उघड्यावर बोलत नाहीत. मग जिवावर उदार होऊन मी माझं उपरणं सरळ साहेबांच्या हातावर टाकलं. एक बोट दाबलं तर देशमुख, पूर्ण पंजा दाबला तर शेटजी.

साहेब आधी दचकले, मग रंगले. एकेक मेंबर कीर्तनातला चेहरा करून यायचा आणि खाली हात घालायचा. एका म्हाताऱ्या अडत्याने सवयीने बोट दाबलं, मान हलवली, मग पंजा दाबला आणि साहेबांच्या उत्तराची वाट बघत बसला. त्याला दोघांनी उचलून नेलं. देशमुखांनी काय दाबलं ते कळलं नाही, पण साहेब कळवळले. शेवटी शेटजी गेले आणि हात सोडेचनात.

साहेबांनी बोटं चोळत मुनशीच्या कानात सांगितलं. मुनशीने जाहीर केलं: शेटजी.

शेटजी उठले. हात जोडले, घसा साफ केला. मी मनात माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य म्हणू लागलो. पण त्यांची नजर साहेबांवरून घसरत घसरत दाराकडे गेली, आणि ज्या तोंडातून जन्मात कधी भाव फुटला नव्हता त्यातून भर सभेत निघालं,

"इवाईबुवा, उभे काहून? बसा नं खाली, सतरंजी आताच झाडून घेतली हाये!"