मापापुरती बाई

हनुवटीकाकांचा फोटो स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. बाहेर काउंटर, भिंतीवर आरसा आणि कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. आत निळा पडदा, गोल स्टूल आणि दिव्यांवर दोन पांढऱ्या छत्र्या. पासपोर्ट, परवाना, नोकरीचा अर्ज, सगळ्यांचे चेहरे इथेच निघायचे. "हनुवटी जरा खाली" हे वाक्य ते दिवसातून पन्नासदा म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण?

चेहऱ्यांवर त्यांचं पोट भरलं, जीव मात्र तिथे कधी रमला नाही. जीव होता घळींमध्ये. बसने चार तास गेलं की वाळवंट लागायचं आणि त्या वाळवंटाच्या पोटात तांबड्या खडकाच्या खोल, अरुंद घळी होत्या. कधीकाळी पाण्यानेच कापलेल्या, आता पाण्याला महाग झालेल्या. सुट्टीचा दिवस आला की काका कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून पहिली बस पकडत. तेहतीस वर्षं हे चाललं. सोबत बायको असायची. हौस म्हणून नव्हे, माप म्हणून.

त्याचं असं आहे, नुसत्या खडकाचा फोटो काढला तर तो दोनशे फुटांचा कडा आहे की घरामागची पडकी भिंत, बघणाऱ्याला कळत नाही. शेजारी माणूस असला की कळतं. म्हणून काकांची पद्धत ठरलेली होती. पहिला फोटो बायकोला घळीच्या तळाशी उभी करून, दुसरा तिला बाजूला काढून. पहिला मापापुरता, दुसरा खरा. पद्धत उत्तम होती, फक्त ऊन तिला जुमानत नव्हतं. घळीच्या तळाला ऊन लागतं ते जेमतेम तीन-चार मिनिटं. ते पहिल्या फोटोत सापडायचं आणि बाई दगडधोंडे ओलांडून बाजूला होईपर्यंत सावली पडलेली असायची. पुढच्या खेपेला आधी रिकामा फोटो घ्यायचा, असं काका दर वेळी स्वतःला बजावत. पण मापाशिवाय त्यांचा हात चालायचाच नाही. त्यामुळे चांगले म्हणावेत असे सगळे फोटो बायकोसकट निघाले. तांदळाच्या दाण्याएवढी ती सगळीकडे होती.

हे फोटो कुणी पाहिले नव्हते. मेव्हण्याने एकदा चार पाहिले आणि "दगडच आहेत की हो," म्हणून चहा मागितला. निगेटिव्हचे डबे पलंगाखाली पडून होते. आपण जायच्या आत चार लोकांनी ते बघावेत, एवढी एकच इच्छा काकांनी जपली होती. आणि एके दिवशी, बहुधा मेव्हण्यानेच कुठेतरी विषय काढल्यामुळे, एका कंपनीचं पत्र आलं. कॅलेंडरसाठी घळींचे बारा फोटो हवेत, खाली नाव छापू. अट अशी, की फोटोत माणूस नको आणि बारा म्हणजे बाराच हवेत.

"तुला पुसावं लागेल," काकांनी बायकोला सांगितलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "पुसा की. मी तिथे होते ते मला ठाऊक आहे, कंपनीला कशाला ठाऊक हवं?"

लॅबवाल्या बाईंनी पहिला फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि तो तांदळाचा दाणा मोठा मोठा करत नेला. निगेटिव्ह मोठ्या आकाराची, त्यामुळे चेहरा स्पष्ट आला. बायको जांभई देत होती. बाईंनी ती पुसली. दुसऱ्यात तिचे हात कमरेवर होते आणि ती काहीतरी बोलत होती. इतक्या लांबून ते काकांना कधी ऐकू गेलं नव्हतं. चौथ्यात तिने चक्क जीभ काढून त्यांना वेडावलं होतं. काकांना हसू फुटलं. अकरा फोटो असेच हसत हसत साफ झाले.

बारावा त्यांचा सगळ्यात लाडका. त्या दिवशी ढग हटायची वाट बघत पाऊण तास काढला होता आणि मग ऊन अगदी तळापर्यंत उतरलं होतं. बाईंनी दाणा मोठा केला. बायको एका पायावर उभी होती. दुसरं पाऊल पहिल्याच्या गुडघ्याला टेकवलेलं, हातात तुटलेली चप्पल, आणि चेहरा असा, की आता रडेल. काकांना आपलाच आवाज आठवला, "हलू नकोस!" बसपर्यंत ती मागे मागे राहत होती, तेव्हा ते वैतागले होते, हेही आठवलं.

"काकूंना पुसू ना?" बाईंनी विचारलं.

"राहू द्या."

"अहो काका, मग अकराच होतील."

"होऊ देत. आणि त्या अकरांमध्येही तिला परत आणा."

घरी येऊन त्यांनी विचारलं, "त्या लांबड्या घळीत तुझी चप्पल तुटली होती?"

"बावीस वर्षं झाली त्याला! खडक नुसता तव्यासारखा तापला होता. आठवडाभर मलम लावत होते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"हलू नकोस म्हणालात ना. ऊन जात होतं, तुमचा फोटो गेला असता." मग तिने विचारलं, "दिले का फोटो?"

"दिले. तुझ्यासकट."

"अहो, मग ते घेतील का?" ती प्रथमच चिडली. "मी एवढी पोळले ती कशासाठी? लोकांनी फोटो बघावेत म्हणूनच ना?"

काकांना लाज वाटत होती. कंपनीने फोटो परत पाठवले. कॅलेंडर दुसऱ्या कुणाच्या तरी धबधब्यांचं निघालं.

पुढच्या सुट्टीला त्यांनी बस पकडली नाही. स्टुडिओ उघडला, दिवे लावले आणि बायकोला आत बोलावलं. गावातल्या प्रत्येकाचा चेहरा इथे निघाला होता, तिचा कधीच नाही. काका कॅमेऱ्याशी वाकले. ती स्टुलाला वळसा घालून पलीकडे गेली, पडद्याला पाठ टेकेपर्यंत मागे सरकली आणि हात सरळ सोडून उभी राहिली, अगदी न हलता.

"पुरे," तिने विचारलं, "की अजून मागे जाऊ?"