फळी वर सरकवली कुणी?

राजूरच्या वरल्या वाडीतल्या रंगुबाईंचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर होता. स्वतःचे डोळे आणि स्वतःचे हात. बाकी जगावर त्यांची बारीक नजर असायची. बाजारात वाण्यानं तराजू उचलला, की त्या पारड्याखालून बोट फिरवून बघायच्या.

अशा बाईला साठी उलटल्यावर एक शोध लागला. स्वयंपाकघरातली फळी वर गेली होती! जिथं आधी बोटं सहज टेकायची, तिथं आता बोटांची टोकंही पोचेनात. आणि फळीवर काय, तर अंडी नि नाचणीचे लाडू. म्हणजे हे काम सुनेचं, सुरेखाचंच.

अंगणातली कपड्यांची तारही तिनंच वर ओढली असणार. नवं लुगडं पायात यायचं, म्हणजे दुकानदारही सामील. दवाखान्यातल्या पंकजा नर्सनं उंची मोजली, जुनं कार्ड बघितलं नि म्हणाली, "आजी, पाळी गेल्यावर बायांची हाडं झिजतात. दोन इंच कमी झालात तुम्ही, पाठीलाही बाक आलाय. अंडं, नाचणी, दूध पोटात जाऊ द्या. रोज स्टुलावरून हात न टेकता दहादा उठा." रंगुबाईंनी तिच्या पट्टीकडंच वाकडं बघितलं.

"जलमभर डोंगर चढले, आन् ही मला उठायला शिकवती व्हय!"

सुरेखा ताटात अंडं वाढायची, ते त्या नातीच्या ताटात सरकवायच्या. डझनभर लपवून एक पुढं करते, एवढं न कळायला त्या काय खुळ्या होत्या? शेवटी त्यांनी लेकाला, सहादेवला, बजावलं, "सोमवारपासनं चूल येगळी. ह्या घरात ती तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी."

सुरेखा मुकाट्यानं आपली भांडी बाजूला काढायला लागली. रंगुबाईंना त्या गप्प बसण्याचाही संशय आला.

रविवारी घरात कुणी नाही असं बघून त्या पुरावा शोधायला लागल्या. फळी वर नेली असेल, तर खिळ्यांची जुनी भोकं खाली असणारच. त्यांनी फळीखालची भिंत तळहातानं चाचपली. एक भोक सापडेल तर शपथ! मग दोन पावलं मागं सरून मान वर केली.

भोकं होती. फळीच्या वर, चार बोटं. साबण भरून बुजवलेली.

फळी वर गेलीच नव्हती. ती खाली आली होती, आणि तरी त्यांचा हात पोचत नव्हता.

तेवढ्यात सुरेखा हंडा घेऊन आत आली.

"ही खाली कुनी घेतली?"

"मीच, आत्याबाई. दिवाळीत, रंग देताना."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमचा हात पोचंना म्हनून? मनाला लागलं असतं तुमच्या."

रंगुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकले म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, ते आताही जमेना. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, हात छातीशी धरले आणि उठायला गेल्या. जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा थरथरत उभ्या राहिल्या.

"भांडी लाव जागेवर," त्या म्हणाल्या. "माझं अंडं मला दे. आन् ती फळी आनखी चार बोटं खाली घे." मग जरा थांबून, "माझ्यादेखत."