तोंडावरचं बोट

अकोल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या शकुनबाईंचा दरारा अजून उतरलेला नाही. बार्शीटाकळीला जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्या, तरी त्या दिसल्या की गल्लीतली पोरं क्रिकेट थांबवतात. मी दोन मुलांची आई, पण त्यांच्यापुढे माझाही आवाज आपोआप खाली येतो.

त्यांचा मुलगा नागसेन जर्मनीत इंजिनिअर आहे. नात मैत्री तिथे चौथीत. पहिलीत जायच्या आधी ती वर्षभर आजीकडे होती, तेव्हा बाईंनी ओसरीवर तिची शाळाच भरवली. पहिला धडा ठरलेला: हाताची घडी, तोंडावर बोट.

तिकडे दुपारी शाळा सुटली, की इकडे संध्याकाळी मैत्रीचा व्हिडिओ कॉल येतो. मग शाळेच्या बातम्या बाई मला अर्ध्या कौतुकाने, अर्ध्या नाराजीने सांगतात. हिवाळ्यात पोरगी अंधारातच मैत्रिणींबरोबर पायी जाते, सोडायला कोणी नाही. गणवेश नाही. मधल्या सुट्टीत काळा पाव आणि कच्चं गाजर, आणि कितीही थंडी असो, सगळ्यांना मैदानात हाकलतात. जेवायच्या वेळेला शाळा संपलीसुद्धा. ही काय शाळा झाली, असं बाईंचं म्हणणं. मला मात्र हेवा वाटायचा. माझी पोरं घरी येऊन दप्तर टाकतात आणि लगेच ट्यूशनला पळतात.

दिवाळीनंतर नागसेनचा फोन आला, तेव्हा मी तिथेच मेथी निवडत बसले होते. मैत्रीच्या वर्गशिक्षिकेने त्याला बोलावून घेतलं होतं. मुलगी पेपर छान लिहिते, पण वर्गात बोलतच नाही. तिथे बोट वर करून बोलायचं असतं आणि त्या बोलण्यालाही गुण असतात. चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. असंच चाललं तर पुढे युनिव्हर्सिटीत नेणाऱ्या शाळेसाठी शिफारस देता येणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. बाईंनी विचारलं, मग ती वर्गात बसते तरी कशी? स्पीकरवर नागसेनचा आवाज आला.

"तू शिकवलं तशीच, आई. तोंडावर बोट ठेवून."

फोन ठेवल्यावर बाईंनी चहाही नको म्हटला. मला फार वाईट वाटलं. ज्या शिस्तीसाठी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी त्यांना जन्मभर शाबासकी दिली, तीच आता नातीच्या आड आली होती.

दुसऱ्या दिवसापासून कॉलवर उलटी शाळा सुरू झाली. मैत्री शिक्षिका, बाई विद्यार्थिनी. बाई बोट वर करून विचारायच्या, पाव काळा काहून? तुमच्याकडे सूर्य उशिरा काहून उगवते? पोरगी हसून लोळायची. मग तिची पाळी. सुरुवातीला तिचं बोट ओठांवरून निघून नाकापर्यंतच जायचं आणि तिथेच अडायचं. बाई एकदाही चिडल्या नाहीत. सांगितलं तर गल्लीत कोणी विश्वास ठेवणार नाही.

फेब्रुवारीत शिफारस मिळाली. बाईंनी घरोघरी पेढे दिले. त्या संध्याकाळी कॉल आला तेव्हा मीही होते. मैत्रीने बोट थेट डोक्याच्या वर नेलं. बाई खुशीत म्हणाल्या, विचार.

"आजी, तू शाळेत सगळ्या पोराइले चूप काहून बसवत होती?"

माझा पेढा हातातच राहिला. शकुनबाई स्क्रीनजवळ सरकून म्हणाल्या,

"मले भेव वाटे, बाई. एखाद्यानं काही इचारलं अन् मलेच नाही आलं तं?"

मैत्रीला यात काही विशेष वाटलं नाही. तिच्या तिकडच्या बाईंनाही कधीकधी येत नाही म्हणे, मग त्या म्हणतात, उद्या शोधून सांगते.

शकुनबाईंनी पदराने डोळे पुसले.

"असं म्हनता येते, हे मले कोनी सांगतलंच नाही."