काकूंचा सोडा

बारामतीत आमच्या आळीतल्या काकूंचा सोडावॉटरचा छोटा कारखाना होता. वाळू आणि बाभळीच्या कोळशातून गाळलेलं पाणी त्या रोज डोळे मिटून चाखायच्या, मगच बाटल्या भरायच्या.

एका उन्हाळ्यात कालव्याचं पाणी बंद झालं. विहिरीचं होतं, पण मचूळ. नेमका कन्हेरी गावातल्या एका लग्नाचा सोडा द्यायचा होता.

नवरीचे वडील म्हणाले, "भरा ह्येच. वऱ्हाडाला काय कळतंय?"

"तात्या, कोळसा वास काढतो, खारटपणा न्हाय. ह्ये पानी माज्या बाटलीत जायचं न्हाय."

काकूंनी सांगवीच्या गोड्या विहिरीचं पाणी बैलगाडीनं आणवलं, गाळलं आणि पंगतीआधी बाटल्या पोचवल्या. मीही त्या लग्नाला होतो. एक घोट घेऊन शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "सोडा कुठला हो?"

"आमच्या आळीचा!" मी इतक्या मोठ्यानं म्हणालो, की वाढपीसुद्धा थबकले.