तात्यांचे गवंडी

तात्या परीक्षानळी आधी खिडकीशी धरत आणि मगच यंत्रात घालत. ऐंशीच्या दशकात, अंधेरीच्या आमच्या हॉस्पिटलात, चेहऱ्याची हाडं मोडलेल्या रोग्यांचं रक्त दर आठवड्याला त्यांच्या लॅबमध्ये जाई. हाड सांधू लागलं की रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं आणि तपासणीत नळीतला लाल रंग गडद होतो. तात्यांच्या भाषेत, गवंडी कामावर आले. यंत्राचा आकडा त्यांच्या अंदाजापासून फारसा कधी हलला नाही.

मी तेव्हा जबड्याच्या शस्त्रक्रिया शिकत होते आणि शिष्टपणात कुणाला हार जाणारी नव्हते. तात्या मला 'बाय' म्हणत. डब्यातला अर्धा घावणा माझ्यापुढे सरकवत. "खा गो बाय, तुझ्या हाडांक पण गवंडी लागतत."

मरोळच्या कारखान्यातला सखाराम यंत्राच्या तुटलेल्या पट्ट्याचा फटका बसून आमच्याकडे आला. मोडलेला जबडा हलू नये म्हणून आम्ही त्याचे दात तारांनी बांधले. पाच आठवडे नळीने पेज पिऊन तो रडकुंडीला आला होता. बहिणीचं लग्न तोंडावर होतं. "मॅडम, त्या दिवशी तरी जेवू द्या ना," तो मिटल्या दातांतून म्हणाला. एक्स-रे मला बरा वाटला. तात्यांच्या रिपोर्टखाली मात्र पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गवंडी अजून इले नाय. तारा काढू नको.' मी हसले, कागद एप्रनच्या खिशात कोंबला आणि तारा काढल्या.

आठवड्याभरात जबडा सरकला. सखाराम बहिणीच्या लग्नात पुन्हा तारा बांधून बसला, पेज पीत.

"रक्ताचा रिपोर्ट बघितला नव्हतास?" आमच्या विभागप्रमुख सरांनी मला विचारलं.

"लॅबमधून आलाच नाही, सर."

तात्यांना बोलावणं गेलं. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "राहिला असेल, सर. चूक झाली," ते म्हणाले. कागद तेव्हाही माझ्या खिशात होता.

त्यानंतर तात्या प्रत्येक रिपोर्ट स्वतः घेऊन येऊ लागले. "मॅडम, पोचल्याची सही करा इथे." 'बाय' गेली ती गेलीच, घावणेही गेले. माफी मागायला मी दोनदा लॅबच्या दारापर्यंत जाऊन परतले. लाज तर होतीच, पण सरांना कळलं तर माझी वाट लागेल ही भीती जास्त होती. हे आज कबूल करून काय उपयोग?

निवृत्त होऊन ते कुडाळला निघाले. शेवटच्या दिवशीही रिपोर्ट घेऊन आले. मी "तात्या..." एवढंच म्हणू शकले. त्यांनी पेन पुढे केलं.

"सही करा, मॅडम."

मी सही केली.